हँडपंपांची वाट

"ताई, गाडी नाही जायची इथनं," काठावरून परत येत ड्रायव्हर तुकोजीराव म्हणाले. पँट गुडघ्यापर्यंत वर खोचली होती, तरी ती मांडीपर्यंत भिजली होती. "दोन पावलं टाकली तर पायच उचलला माझा. जीप आडवी होईल."

सकाळी याच रपट्यावरून, नाल्यावरच्या त्या बुटक्या सिमेंटच्या पुलावरून, ते कोरड्या चाकांनी आले होते. आता कडेचे खुंट तेवढे पाण्याबाहेर दिसत होते. मधूनच एखादं झुडूप मुळासकट गरगरत निघून जाई. इथे पावसाचा थेंब नव्हता. वर डोंगरात कुठेतरी कोसळला असणार. पलीकडे गंधवानीचा, दवाखान्याच्या गावाचा, रस्ता उन्हात शांत पडला होता.

लतिकाने मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर थावरी आपल्या सासूच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. डाव्या पायाला घोट्याच्या वर लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली. लाकडाच्या ढिगातून सरपण काढताना नागाने धरलं होतं. लतिका त्या वेळी त्यांच्याच वस्तीतल्या हँडपंपाच्या ओट्यावर पाणी तपासायची बाटली उघडत होती. ओरडा ऐकून ती धावली तेव्हा थावरी आपल्या पायांवर उभी होती, बोलत होती, पदर सावरत होती. नवरा मजुरीला गुजरातमध्ये. फळ्यातल्या, म्हणजे त्या भिल्ल वस्तीतल्या, दोघातिघांचं म्हणणं, बडव्याकडे, मांत्रिकाकडे न्या, तो विष उतरवतो. सासू कुणाशी वाद घालत बसली नाही. सुनेचा दंड धरून ती सरळ जीपपाशी आली आणि दार कसं उघडायचं ते कळेना म्हणून नुसती उभी राहिली. तुकोजीरावांनी दार उघडलं.

आता थावरीच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. ती झोपेला आल्यासारखी दिसत होती, आणि सासू तिला झोपू देत नव्हती.

"पाणी उतरेपर्यंत थांबायचं म्हटलं तर?" लतिकाने विचारलं.

तुकोजीरावांनी नाल्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे. "संध्याकाळ होईल, ताई."

लतिका सुपेकर देवासची. माहेर धारच्या जुन्या दरबारी घरातलं. आजोबा संस्थानात कारभारी होते म्हणे, पण तिच्या वाट्याला त्यातलं फक्त वळणदार अक्षर आलं. त्या अक्षरावर तिला सिंचन खात्यात रोजंदारीवर नकाशे गिरवायचं काम मिळालं. मेणकागदावर शाईने नद्या, कालवे, गावांच्या हद्दी. पंधराएक वर्षं तिने ते केलं. मग खात्यात संगणक आला आणि मेणकागदाची भेंडोळी माळ्यावर गेली. त्याच सुमारास देवासच्या औद्योगिक वसाहतीतला नवऱ्याचा कारखानाही बंद पडला. तो दुसऱ्याच्या दुकानात बसू लागला आणि घरी कमी बोलू लागला. धारच्या एका लहानशा सर्व्हे कंपनीला जिल्ह्यातल्या हँडपंपांची मोजणी करायचं काम मिळालं, तेव्हा लतिका स्वतः जाऊन मालकांना भेटली. मालक यशवंतराव तिच्या आजोबांना नावाने ओळखत होते. त्यांनी तिच्या हातात पामटॉप ठेवला.

पामटॉप म्हणजे तळहातावर मावणारा संगणक, काडीने टिचक्या मारून चालवायचा. त्याच्या डोक्यावर एक खाच. त्या खाचेत जीपीएसचं कार्ड बसवलं की त्याचं काळं टोक शेंडीसारखं वर उभं राही आणि आकाशातल्या उपग्रहांना शोधू लागे. हँडपंपाजवळ जायचं, उपग्रह सापडेपर्यंत उघड्यावर उभं राहायचं, पडद्यावर एक ठिपका पडला की त्याला नाव द्यायचं, पाणी तपासून रंग नोंदवायचा. या पट्ट्यातल्या पाण्यातल्या फ्लोराइडने पोरांचे दात पिवळे होतात, पुढे पाय वाकतात. कुठला पंप बंद करायचा आणि कुठला ठेवायचा, हे त्या ठिपक्यांवरून ठरणार होतं. शेजारी, मामेसासरे, कुणालाही ती कौतुकाने दाखवी की ही बघा, माझी पेन्सिल. काम वेळेत गेलं तर पुढच्या तहसिलीसाठी तिला कायम ठेवायचं, असं यशवंतरावांनी शब्द देऊन सांगितलं होतं. गंधवानीचे जवळजवळ सगळे ठिपके तिच्या हातात होते. पावसामुळे धारला जाणं लांबत गेलं होतं, त्यामुळे कार्यालयातल्या मोठ्या संगणकात ते अजून उतरले नव्हते. परवा जायचं होतं.

तोच पामटॉप तिने आता पिशवीतून काढला. उपग्रह लगेच सापडले. पांढऱ्या पडद्यावर मधोमध त्यांची जीप, एक काळा बाण. रस्ते नाहीत, डोंगर नाहीत, नाले नाहीत. त्या यंत्रात कुणी नकाशा घातलेलाच नव्हता. भोवती फक्त तिचे ठिपके, सांडलेल्या मोहरीसारखे.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. डावीकडून, नाल्याच्या वरच्या अंगाने, काही ठिपके वाकडेतिकडे डांबरी रस्त्यापर्यंत गेले होते. त्या बाजूच्या वस्त्यांवर ती वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वाटांनी गेली होती, बरेचदा जीप लांब ठेवून पायी. एका वस्तीवरून दुसरीवर कधी गेली नव्हती.

"तुकोजीराव, हँडपंप खोदायला बोअरची गाडी लागते ना?"

"लागतेच की. ट्रक असतो मोठा, वर मशीन."

"मग जिथे हँडपंप आहे, तिथपर्यंत ट्रक गेलेला आहे. आणि एका पंपावरून दुसऱ्यावर जायला तो दर वेळी डांबरीपर्यंत मागे आला नसेल."

तुकोजीरावांनी डोकं खाजवलं. मग ते गाडीत बसले आणि चाक फिरवू लागले. लतिकाने सासूला हिंदीत विचारलं, इथून वरच्या अंगाने रस्ता आहे का. सासू म्हणाली, "पाँव का रास्ता है, बाई. गाडी का मेरे को नहीं मालूम."

जीप वळली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र लाल झालं.

लतिकाला ते दिसलं आणि तुकोजीरावांनाही. तिच्यासोबत हिंडून त्यांना यंत्राचे नखरे पाठ झाले होते. कार्ड लावलं की यंत्र वीज ढसाढसा पितं. जीपमधून वीज देणारी वायर मागच्याच आठवड्यात जळली होती, चार्जर गंधवानीच्या विश्रामगृहात होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ठिपके ठेवण्याजोगं दुसरं कार्ड तिच्या पर्समध्ये असूनही खाच एकच होती. यंत्रातली वीज संपली की आतली आठवण फळा पुसावा तशी पुसली जाई. आत एक चिमुकला सेल होता, तो थोडा वेळ तग धरी. किती वेळ, हे कंपनीतलं कुणी छातीठोकपणे सांगत नसे.

"ताई," तुकोजीराव हळू आवाजात म्हणाले, "पहले आपलं काम काढून घ्या. तो कार्ड टाका, उतरवा, मग पुन्हा हा लावा. मी थांबतो इथं."

तिने पर्स उघडली. ते कार्ड बोटांत धरलं. जीपीएसचं कार्ड उपसून हे बसवायचं, ठिपके उतरवायचे, मग पुन्हा ते बसवायचं. एवढं करताना बॅटरी गेली तर? आणि उरलीच, तर या दरीत उपग्रह पुन्हा पकडायला यंत्र किती वेळ लावील? कधी चहा होईपर्यंत, कधी उभं राहून पाय भरून येईपर्यंत. ते तिने भोगलेलं होतं.

मागून सासूचा आवाज आला. ती थावरीला काही विचारत होती. थावरीचं उत्तर आलं, पण जीभ जड झालेल्या माणसासारखं, शब्द एकमेकांत लोळलेले.

लतिकाने कार्ड पर्समध्ये परत टाकलं.

"चला," ती म्हणाली. "डावीकडे घ्या. वडाच्या मागे."

पहिला पंप सापडायला त्रास झाला नाही. ओट्यावर दोन बकऱ्या उभ्या होत्या. पंपाच्या मागून खरंच एक चाकोरी निघाली होती, गवताने झाकलेली पण रुंद. तुकोजीरावांनी गीअर बदलला. "ट्रकचीच आहे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा खांदा थोडा सैल झाला.

दुसऱ्या पंपाकडे जाताना बाण सरळ समोर दाखवत होता आणि चाकोरी मात्र उजवीकडे निघाली. लतिकाने बाणावर विश्वास ठेवला. पळसाच्या खुरट्या झाडांतून जीप डोलत गेली आणि एकदम तुकोजीरावांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. पुढच्या चाकांपासून हातभरावर जमीन संपली होती. खाली घळ, तळाशी तांबडं पाणी. समोरच्या कड्यावर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, पंपाचा दांडा उन्हात चमकत होता.

यंत्राला घळ माहीत नव्हती. त्याला पक्ष्याचा रस्ता तेवढा कळत होता.

"वापस लो," मागून सासू म्हणाली. ती मान उंचावून बाहेर बघत होती. "वो महुए के पास से घूम के जाते. उधर पानी कम है. बैल जाते हैं."

ते मागे आले, मोहाच्या झाडाशी वळले. घळ तिथे उथळ होत गेली होती आणि तळाला कुणीतरी दगड रचले होते. बोअरच्या गाडीसाठीच रचले असतील. जीप उतरली, पाण्यातून गुरगुरत गेली, वर चढताना मागची चाकं घसरली. लतिका आणि सासू दोघी उतरून ढकलू लागल्या. थावरी एकटी सीटवर कलंडली होती. गाडी वर आली तेव्हा तिच्या तोंडातून लाळ गळत होती. ती तिला गिळता येत नव्हती. सासूने पदराने ती पुसली, तिला कुशीवर वळवलं आणि तिच्या कानाशी वाकून माणसांची नावं घेऊ लागली. नवऱ्याचं, दिराचं, माहेरच्या बहिणीचं. प्रत्येक नावानंतर ती थांबे. आधी थावरी हुंकार देत होती. मग नुसतं बोट हलवू लागली.

सागाच्या दाटीत शिरताच पडद्यावरचा बाण गोठला. उपग्रह तुटले होते. पुढे चाकोरीला दोन फाटे फुटले होते. लतिका उतरली आणि मोकळं आकाश शोधत पळाली. एका कापलेल्या बुंध्यावर चढून तिने यंत्र डोक्यावर धरलं. खाली जीपचं इंजिन चालू होतं आणि त्या आवाजावर सासूचा आवाज, नाव, मग शांतता, मग नाव. पडद्यावर इशारा आला: बॅटरी अत्यंत कमी, माहिती नष्ट होऊ शकते, यंत्र ताबडतोब बंद करा. खाली एक चौकट, काडीने टिचकी मारायची.

बंद केलं असतं तर उरल्यासुरल्या विजेवर आणि चिमुकल्या सेलवर सगळं वाचलं असतं. हे तिला त्या बुंध्यावर स्वच्छ कळत होतं. तीन महिने. उन्हातान्हातली प्रत्येक वस्ती. वाकलेल्या पायांची ती पोरं, जी 'फोटो काढा' म्हणत पंपाभोवती गोळा व्हायची. तीही त्या ठिपक्यांतच होती. आणि मधुवंती, तिची मुलगी, जिला तिने पोस्टकार्डावर लिहिलं होतं की यंदा आईची नोकरी पक्की होणार. हिंदी शाळेत शिकलेली मधुवंती मराठी अक्षर बोटाने लावत वाचते, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

तिने त्या चौकटीवर टिचकी मारली नाही, हात आणखी उंच केला.

बाण हलला. तिने दिशा पाहिली, दोनदा पाहिली, बुंध्यावरून उडी मारली. "डावा फाटा," धावतच ती ओरडली. "शेवटचा पंप शाळेजवळचा. तिथून डांबरी दिसतो."

शाळेचं पत्र्याचं छप्पर झाडांतून दिसलं तेव्हा पडदा काळा झाला होता. नेमका कधी झाला ते तिला कळलंच नाही.

गंधवानीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थावरीच्या पापण्या उचलून पाहिल्या आणि सुया मागवल्या. विषावरचं औषध होतं. पण औषध भिनेपर्यंत छाती हलायची थांबली. डॉक्टरांनी तिच्या घशात नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला आणि तो लतिकाच्या हातात दिला. बाहेर अपघाताची एक ट्रॅक्टर-ट्रॉली आली होती, हात कमी होते. "मेरे साथ साँस लीजिए," ते म्हणाले, "आप छोडें तब दबाइए. रुकना नहीं है." गावात लाइट नव्हती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात लतिका फुगा दाबत राहिली. बोटं वळली की तुकोजीराव घेत, त्यांच्यानंतर सासू. सासूने एकदाही चुकीच्या वेळी दाबला नाही.

दिवेलागणीला थावरीने स्वतःचा श्वास घेतला. फुगा दाबणाऱ्या तुकोजीरावांना तो हाताला लागला. "ताई, ओढतीय ती," ते म्हणाले, आणि मग व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतरच लाइट आली. लतिका विश्रामगृहात गेली, चार्जर लावला, पामटॉप पलंगावर ठेवून शेजारी बसली. पडदा उजळला. कंपनीच्या नावाखाली स्वागताचं एक वाक्य होतं आणि मधोमध बारीक फुली. नव्या यंत्रावर पहिल्या दिवशी येते तीच. काडी फुलीच्या मध्यावर टेकवा, म्हणत होतं. तिने टेकवली. फुली कोपऱ्यात गेली. तिने तिथेही टेकवली.

एसटीडी बूथवरून तिने देवासला शेजाऱ्यांकडे फोन लावला. मधुवंतीला बोलवून आणलं त्यांनी. लतिकाने सगळं सांगितलं, न रडता, जरा भराभर.

"आई, ती बाई बच गयी ना?"

"वाचली."

"मग तू पहले कुछ खाऊन घे," मधुवंती म्हणाली.

यशवंतरावांनी धारला तिचं सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "लतिकाबाई, यंत्र आपणांस पंप मोजायला दिलं होतं," ते म्हणाले. "आपण वाईट केलंत असं मी म्हणणार नाही. माझ्या घरची सून असती तर मी आपल्या पाया पडलो असतो. पण मुदत माझ्या हातात नाही." पुढच्या तहसिलीचं काम त्यांनी दुसऱ्या माणसाला दिलं होतं. कायमची जागाही त्यालाच.

लतिकाने तिथे बसून फक्त एक मागितलं. गंधवानीचं काम पुन्हा करू द्या. दुसरा कुणी वस्त्या शोधत बसेल, मला त्या पाठ आहेत. नोकरीचं राहू द्या.

मग त्यांनी ड्रॉवरमधून पामटॉप काढला आणि सोबत गाडीची नवी वायर दिली.

पाऊस ओसरला, मका कापला गेला, दिवाळी झाली. लतिका आणि तुकोजीराव पुन्हा त्याच वस्त्यांवरून फिरले. आता वस्तीवरून वस्तीवर सरळ जात. रोज संध्याकाळी ती कार्ड बदलून ठिपके उतरवून घेई, आणि तुकोजीराव तेवढा वेळ न सांगता गाडीचं इंजिन चालू ठेवत.

थावरीच्या फळ्यात ती गेली ती सकाळ थंड होती. पंपावर थावरी एकटीच होती. थोडी लंगडत होती, पण दांडा जोराने मारत होती. सासू बाजाराला गेली होती. लतिकाला वाटलं, ही आता ओळखेल. थावरीने नव्या माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि संकोचून बाजूला झाली. तिचं बरोबरच होतं. त्या दिवशी जवळजवळ पूर्णवेळ तिचे डोळे मिटत आलेले होते.

तुकोजीराव काही बोलायला पुढे झाले. लतिकाने मान हलवून त्यांना थांबवलं.

तिने बाटलीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. गुलाबी रंग उतरत उतरत पिवळा झाला. तिने बाटली उजेडात धरली, पुन्हा पाहिलं.

"ये पानी पीने का नहीं है," ती थावरीला म्हणाली. "नहाना, धोना, ठीक. पीने का शाळेवाले पंप से लाना. बच्चों के लिए तो बिलकुल नहीं."

ही शाळा फळ्याचीच; तिचा पंप टेकडीपलीकडे होता. थावरीने बाटलीकडे पाहिलं, मग आपल्या भरलेल्या हंड्याकडे.

"आप कहाँ के हो, बाई?"

"देवास."

थावरीने मान डोलावली. का, कसं, काही विचारलं नाही. तिने हंडा दोन्ही हातांनी तिरका केला, सगळं पाणी ओट्याखालच्या मिरचीच्या रोपांना ओतून दिलं, रिकामा हंडा डोक्यावर घेतला आणि लंगडत टेकडीच्या वाटेला लागली.

लतिका मोकळ्यावर जाऊन उभी राहिली. यंत्र अजून उपग्रह शोधत होतं. ती यंत्र हातात धरून, न हलता, थावरी टेकडी चढेपर्यंत थांबली.